स्वतः पाहिली

दारव्ह्याच्या भगवानरावांनी नातवाला खांद्यावर घेतलं की दवाखान्याचा सगळा वॉर्ड हळू बोलायला लागे. आठ महिन्यांचं लेकरू. आजोबा खाटांमधून येरझारा घालत, आणि बायकोच्या तोंडून ऐकलेली ओवी आपल्या जाड्याभरड्या आवाजात घोळवत राहत:

दूरच्या शेतात, बोंड फुटलं पाह्यटी,
सोन्यासारकं लेकरू, निजे आज्याच्या पाठी.

लेकरू रडलं की जांघेत गाठ येते, निजलं की जाते, हे घरच्यांना दोन महिन्यांपूर्वीच कळून चुकलं होतं. त्यावर त्यांनी आपला उपाय काढला. रडूच द्यायचं नाही. भूक लागायच्या आत पाजायचं, ओठ वाकडा व्हायच्या आत उचलायचं.

काल संध्याकाळी इंटर्न गुंजन त्याची माहिती लिहायला आली, तेव्हाही तो निजलेलाच होता. गाठ दिसायचा प्रश्नच नव्हता.

"कोणत्या बाजूला येते?" तिनं त्याच्या आईला विचारलं.

आई म्हणजे समीक्षा, भगवानरावांची लेक. तिनं आपल्या उजव्या जांघेवर हात ठेवून दाखवलं. "या अंगाले येते, बाई."

गुंजननं लिहिलं, उजवी. खाली छापील ओळ होती : गाठ स्वतः पाहिली का? पाहायची तर लेकराला रडवावं लागणार. तिनं आजोबांच्या खांद्यावर चेपलेला तो गाल पाहिला, आणि लिहिलं, हो.

आज गुरुवार. लहान मुलांच्या सर्जन रजनी मॅडम दर गुरुवारी नागपूरहून येत. आज पहिल्यांदाच गुंजन हात धुऊन, ऑपरेशनच्या टेबलापाशी त्यांच्यासमोर मदतीला उभी राहणार होती. पुढे लहान मुलांची सर्जरीच शिकायची, हे तिनं दुसऱ्या वर्षाला असतानाच ठरवलेलं. आईला कालपासून दोनदा फोन करून झाले होते.

हर्नियाच्या ऑपरेशनच्या आधी गाठीच्या बाजूवर शाईचा बाण काढायचा, आणि ज्यानं गाठ पाहिली त्यानंच काढायचा, हा मॅडमचा नियम. गुंजन पेन घेऊन आली. लंगोट सोडला. दोन्ही जांघा सारख्याच, मऊ, लोण्यासारख्या. टोपण काढलं, पण हात पुढे जाईना. चुकलं, तर चांगल्या अंगावर सुरी फिरेल, आणि दुखरं अंग तसंच घरी जाईल.

तिनं टोपण लावलं आणि मॅडमना गाठलं. त्या उभ्यानं चहा पीत होत्या.

"मॅडम, मी गाठ पाहिली नाही. पाहिली असं लिहिलंय."

मॅडमनी कप खाली ठेवला. "का?"

"रडवावं लागलं असतं. इतका छान निजला होता..."

"अस्सं. म्हणजे मी त्याला कापायचं, आणि तुला त्याचं रडूसुद्धा ऐकवत नाही?" त्या दाराकडे निघाल्या. "चल. माझ्यासमोर पाहा."

भगवानराव ऐकून बिथरलेच. "कायले रडवता जी त्याले? पाह्यटेपासून दूध बंद हाय. म्या कसं सांभाळलं, माह्या जिवाले माहीत!"

"आजोबा, गाठ पाहिल्याशिवाय मला खूण करता येत नाही," गुंजन म्हणाली. "त्याला खाटेवर ठेवा. आणि गाऊ नका."

"बाबा, ठेवा ना," समीक्षा म्हणाली.

त्यांनी ठेवलं. ओवी अर्ध्यावर मोडली. दोन पावलं मागे सरले, आणि हातांचं काय करावं हे न कळून त्यांनी ते पाठीमागे बांधून घेतले. लेकरानं छताकडे पाहिलं, मग आज्याकडे. ओठ थरथरला, आणि दोन महिन्यांचं साचलेलं रडू एकदम बाहेर आलं. वॉर्डभर माना वळल्या.

डाव्या जांघेत लिंबाएवढी गाठ टरारून वर आली.

"हेच! हेच अंग," समीक्षा म्हणाली.

"काल तुम्ही उजवी दाखवली होती."

"नाई वं बाई. तो माह्याकडे तोंड करून राह्यते ना. मले जशी दिसते तशी दाखवली."

गुंजनचे कान तापले. तिनं डाव्या बाजूला बाण काढला. मॅडमनी गाठ बोटांनी अलगद आत सारली, कालचा कागद आडवी रेघ मारून रद्द केला आणि नवा तिच्यापुढे धरला. तिनं लिहिलं : डावी. स्वतः पाहिली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

"आज तू हात धुणार नाहीस," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पुढच्या गुरुवारी बघू."

लेकराला आत नेलं. समीक्षा दाराशीच बसून राहिली. भगवानराव बाहेरच्या बाकावर, रिकामा खांदा चोळत.

गुंजन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, काल मी न पाहताच लिहिलं होतं. चुकीची बाजू लिहिली होती."

खांदा चोळणारा त्यांचा हात थांबला. "मंग तिकडूनच कापलं असतं?"

"कदाचित मॅडमच्या लक्षात आलं असतं. कदाचित नसतंही."

"मले कायले सांगता? म्या काय वाचणार होतो तुमचा कागद?"

"म्हणूनच सांगितलं."

राग गेला होता की नाही, आजोबांच्या तोंडावरून कळत नव्हतं. मग त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि तिला बसायला जागा होईल इतके सरकले.