सोनूबाईच्या दारात

सोनूबाईने ओटीचं ताट पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि गाडीने भर दुपारी बोंब ठोकली. हॉटेलचा वॉचमन धावत आला. सोनूबाईने ताट उचललं, पण जागची हलली नाही.

"आजी, पार्किंग आहे हे."

"माझ्या पडवीत उभी हाय तुझी गाडी. बोंब तिने मारायची काय मी?"

 वॉचमन सावलीत जाऊन बसला.

पडवी होती खरी. कौलांच्या कारखान्यामागच्या वाडीत सोनूबाईचं माडीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत तिचं घर. कौलांच्या भट्टीवरचे, बंदरात ओझी उचलणारे, मचव्यांवरचे खलाशी, सगळे संध्याकाळी तिथे. बायका एकमेकींना विचारत, नवरा कुठे गेला? शाळेत गो! शाळा म्हणजे हेच दुकान. सकाळची माडी गोड, दुपारची आंबट, संध्याकाळची भांडण लावणारी, असं सोनूबाई स्वतःच सांगायची, आणि भांडण लागलं की पळी घेऊन मध्ये उभी राहायची. कारखाना बंद पडला, वाडी उठली. दुकान तेवढं तग धरून होतं. जागा मालकाची, त्याने हॉटेलवाल्याला विकली आणि गेल्या दिवाळीनंतर तेही पाडलं. आता ती देवरूखला लेकीकडे, दर्शनाकडे राहते. दर्शना जिवाला जपते, तक्रार नाही. पण देवरूखला दुसऱ्या देवीची हद्द. इथल्या देवीची पालखी दर शिमग्याला सोनूबाईच्या दारात थांबायची, ती तिकडे जायची नाही. आज ती इथे थांबली नाही, तर सोनूबाईच्या दारात पुन्हा कधीच येणार नव्हती.

रस्त्यापलीकडच्या मोबाइलच्या दुकानातून फारुक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. एके काळी तो तिच्या दारात मांदेली तळायचा. माडीला त्याने कधी तोंड लावलं नाही, पण दुकान पाडलं त्या दिवशी जेवला नव्हता.

"बसा सोनूबाय. चक्कर येल."

"बसले तर दिसायची नाय मी."

तेवढ्यात मोटारसायकलवरून विनीत पुढे आला. उत्सव समितीचा अध्यक्ष, गळ्यात शिट्टी. पोरगा वाईट नव्हता, पण शिट्टी गळ्यात आली की माणसाला जरा चढतेच.

"आजी, पालखी इथे नाही थांबायची. घर नाही तिथे ओटी कशी घेणार? मंदिरात भरा की."

"मंदिरात जग भरतं. मी दारात भरते."

"दार कुठाय?" तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "आणि खरं सांगू? माडीच्या दुकानात देवी थांबायची, हे आधी तरी कुठे शोभत होतं?"

फारुकने मान दुसरीकडे वळवली. सोनूबाईला संताप आला, आणि संतापाच्या आत भीतीही होती, कारण दार खरोखरच नव्हतं. तिने ताटातला नारळ नुसताच फिरवून ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "मी हाक मारायची नाय. मागून घेतलेला मान तो कसला?"

ढोल जवळ आले. ज्या वाडीतून पालखी जाईल त्या वाडीतल्यांनी खांदा द्यायचा, ही इथली रीत. वाडी उरली नव्हती, पण खांदा सोडायला कोण तयार? कुणी गुहागरहून आलं होतं, कुणी पूर्णगडहून. सगळे साठीच्या पुढचे. पुढच्या दांडीला भट्टीवरचा दादू आणि खलाशी बाळा. घामाने डोळे मिटलेले, पाय ढोलाच्या तालावर.

विनीतने हात सरळ दाखवला, शिट्टी फुंकली. ढोलांत ती विरून गेली. दादूचा पाय डावीकडे वळला, बाळाचाही. पालखी पार्किंगमध्ये शिरली आणि शिरता शिरता चौघेही एकदम गुडघ्यांत वाकले, माना तिरक्या केल्या, दांडी खांद्यावरून हातांवर घेऊन पार कमरेपर्यंत खाली आणली. ढोलवाले गोंधळून थांबले.

विनीत धावत आला. "काय झालं? दादूकाका, पाय मुरगळला का?"

"नाय रे. वळचण लागते ना डोक्याला."

"कसली वळचण?"

दादूने डोळे उघडून वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं. त्याने बाळाकडे पाहिलं. बाळाही वरच बघत होता. सोनूबाईच्या दुकानाच्या कौलांची वळचण दारावर एवढी खाली आलेली होती की दारुड्यालाच काय, देवीलाही वाकून आत यावं लागे. हसलं कुणीच नाही, आणि ताठही कुणी झालं नाही.

विनीतने शिट्टी ओठांपर्यंत नेली, मग हळूच शर्टाच्या आत सोडली. चपला काढून तो बाजूला उभा राहिला.

पालखी सोनूबाईच्या अगदी हातापाशी आली होती. तिने ओटी भरली, कपाळ टेकलं. काय मागितलं कुणास ठाऊक. ओठ फार वेळ हलले. मग डोळे पुसून ती नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली,

"सावकाश जा रे. डोकी सांभाळा."

आणि ते चौघे वाकूनच बाहेर पडले.