ताईचं दुकान

त्याला सगळे शटरवालाच म्हणत. तीस वर्षं त्याने त्या रस्त्यावरच्या दुकानांना शटरं बसवली, वाकलेल्या पट्ट्या सरळ केल्या, ग्रीस लावलं. अलीकडे मात्र बोलावणी यायची ती शटर काढून टाकायला. चपलांचं दुकान गेलं, तिथे काचेचं दार लावून सलून आलं. ते वर्षभरात उठलं, मग मोबाइलची कव्हरं आली, तीही गेली.

"तुझी काय, चांदी आहे," गॅरेजवाला म्हणायचा. "लोकांचा धंदा बसला की तुझा चालतो."

तो हसून सोडून द्यायचा.

एकदा जेवता जेवता ठेकेदाराचा फोन आला. "बटणवाल्या बाईंचा गाळा सोमवारी मोकळा करायचाय. येशील ना?"

बटणवाली म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. ठेकेदाराला ते माहीत नव्हतं. ताट तसंच सोडून तो तिच्या दुकानात गेला. मेहुणे गेल्यापासून बटणं, चेन, अस्तरं विकत तिने मुलाला वाढवलं होतं.

"ताई, दुकान सोडतेयस? मला सांगायचं तरी."

"सांगून काय झालं असतं? मालकाने जागा विकली." ती बटणं पुठ्ठ्यावर टाचत राहिली. "आणि घरी बोलू नकोस. सून म्हणेल, बरं झालं, आता आराम करा. तेवढं ऐकायचं बळ नाही माझ्यात."

"मी नाही घेणार हे काम."

"मग दुसरा येईल आणि कटरने कापून नेईल. तू बसवलंयस, तूच काढ."

सोमवारी ती रोजच्यासारखी आवरून आली आणि समोरच्या फुटपाथवर, पोत्यांत भरलेल्या मालाशेजारी बसली. त्याने स्प्रिंग सैल केली आणि एकेक पट्टी सरकवून खाली घेतली. कापाकापी करावी लागली नाही.

तेवढ्यात एक बाई कोट घेऊन आली. एक बटण तुटलं होतं, तसंच हवं होतं. ताईचा चेहरा उजळला. "आहे माझ्याकडे. थांबा हं." तिने एक पोतं सोडलं, मग दुसरं. डबे उघडून फुटपाथवर मांडले. पण घाईघाईत भरलेल्या मालात सगळं एकमेकांत मिसळलं होतं. ती गुडघ्यांवर बसून शोधत राहिली. बाई दोनदा "राहू द्या" म्हणाली, फोन बघितला आणि निघून गेली. ताई तरी शोधतच होती. शेवटी त्यानेच डबे बंद केले.

माल एका भंगारवाल्याने नेला. पण ताई रोज साडेनऊला डबा घेऊन घरातून निघतच राहिली. दिवसभर बसस्टॉपच्या बाकावर बसायची आणि संध्याकाळी घरी जायची. शटरवाला दुपारी तिच्याजवळ जाऊन बसे.

"असं किती दिवस करणार?"

"जमेल तितके."

थंडी वाढली, तिला खोकला धरला. एक दिवस ती बाकावरून उठताना तोल जाऊन पडली. त्या संध्याकाळी न राहवून त्याने भाच्याला फोन केला आणि सगळं सांगितलं.

भाचा भला माणूस. एका शब्दाने रागावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईच्या हातातला डबा हळूच काढून घेतला. "आई, मला सगळं कळलंय. आता कुठे जायचं नाही." सून म्हणाली, "खूप केलंत तुम्ही. आता आराम करा." अगदी मायेने म्हणाली.

ताईने चपला काढल्या आणि खोलीत जाऊन पडली.

रविवारी तो भेटायला गेला, तर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी सुनेने दारातच गाठलं. "मामा, राग मानू नका. तुमचा आवाज ऐकला की आई त्या दिवशी जेवत नाहीत."

"काही म्हणते का?"

"नाही हो. कुणाशीच बोलत नाहीत."

त्याने आणलेली फळांची पिशवी सुनेच्या हातात दिली आणि जिना उतरला. त्यानंतर तो गेला नाही.