खिळा नसलेलं देऊळ

दोन हजार अठरा साल. थंडी ओसरत आलेली, फेब्रुवारीचा दुसरा सोमवार. त्या दिवशी एका सुताराच्या दुकानात माझ्या जन्माला सुरुवात झाली.

मी एका देवळाचा नमुना बोलतोय. नमुना म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. हातभर उंच आहे, सागाचा आहे आणि अंगात एकही खिळा नाही.

ज्यांनी मला घडवलं त्यांना सगळे मामा म्हणत. खरी भाची एकच. ती संगणकावरच्या खेळात गावं उभी करायची. त्या सोमवारी ती दुकानात आली आणि लाकडाच्या ओंडक्यावर मटकन बसली.

"मामा, माझं देऊळ साहेबांना खोटं वाटतंय. शुक्रवारी पटलं नाही तर अख्खी वस्ती खेळातून काढणार. दोन वर्षांचं काम जाईल. माझ्या हाताखालच्या चौघांची नोकरीही."

"खेळात काय काय आहे?"

"जादूगार उडतात. दगड बोलतात."

"ते खरं वाटतं?"

"त्याला कोणी काही म्हणत नाही. देवळालाच नाक मुरडतात."

मामांनी चष्मा चढवून चित्र पाहिलं. सोन्याचा कळस, सत्तर पायऱ्या, कमरेएवढं दार.

"दार एवढं बुटकं का?"

"वाकून आत जावं म्हणून."

"आणि ह्या लोकांचा धंदा काय?"

"मीठ वाहतात. पाठीवर घेऊन घाट चढतात."

"पाठीवर मणभर मीठ घेऊन वाकला तर देवाच्या पाया पडणार नाही, तोंडावर पडेल." मामांनी चित्र परत केलं. "ओझं ठेवतात कुठे?"

भाचीने चित्र पुन्हा पाहिलं. दोन वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"खाली ठेवलं तर परत उचलायला दोन माणसं लागतात. मी फळ्या वाहिल्यात, मला माहीत आहे. नुसती पाठ टेकली की ओझं टेकलं पाहिजे, असा कट्टा हवा." एवढं बोलून मामांनी रंधा उचलला. "गुरुवारी ये."

दारातून ती म्हणाली, "तसंही तुम्ही माझं एक घर देणं लागता."

"माहीत आहे."

ती नऊ वर्षांची असताना तिने ह्याच दुकानात लाकडाच्या तुकड्यांचं घर रचलं होतं. मामांनी ते कचरा समजून शेगडीत घातलं, वर लाकूड चिकटवायचा सरस तापवला. नवीन करून देतो म्हणाले. वीस वर्षं झाली. दोघांपैकी कोणीही विसरलं नव्हतं.

मामांनी मला लाकडी खुंट्यांनी जोडलं. मिठाच्या हवेत खिळा गंजतो, म्हणाले. कट्ट्याची उंची त्यांनी स्वतःच्या पाठीवरून मोजली आणि त्या मापाने लहान केली.

गुरुवारी दुपारी भाची आली. मला बघून तिचे डोळे चमकले, आणि लगेच तिचा चेहरा पडला. मामांची चूक काढायची कोणाची टाप नव्हती.

"मामा... खेळातली ही माणसं बुटकी आहेत. तुमच्या छातीएवढी. सांगायचं राहिलं."

मामांनी करवतीला हात घातला. मला वाटलं, आता माझीही शेगडी. पण त्यांनी फक्त कट्टा कापला, बोटभर खाली बसवला. जुन्या खुंट्यांची भोकं भिंतीत तशीच राहिली. बुजवायला वेळ नव्हता. मामांच्या कामात उघडं भोक! त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

शुक्रवारी अकरा वाजता मी साहेबांच्या टेबलावर होतो. साहेबांनी मला गोल फिरवलं. बोट नेमकं भोकांवर थांबलं.

"हे काय?"

भाचीला काहीतरी रचून सांगता आलं असतं. ती म्हणाली, "कट्टा उंच झाला होता. माणसांना पुरेना. खाली घेतला."

साहेबांच्या पाठीवर पिशवी होती. ते वळले, टेबलाला पाठ लावली, पिशवी टेकवली आणि "हुश्श" केलं.

"भोकं बुजवू नका," ते म्हणाले. "त्यांच्यामुळेच हे माणसांनी वापरलेलं देऊळ वाटतं. खेळातही तशीच दाखवा. वस्ती राहू दे."

आज खेळात हजारो माणसं माझ्या कट्ट्याला पाठ टेकतात. मी मात्र भाचीच्या टेबलावर असतो. माझी एवढीच विनंती, भोकात कोणी पेन्सिली खोचू नका.

त्या शुक्रवारी संध्याकाळी भाची मला घेऊन दुकानात गेली होती.

"राहिली वस्ती. घ्या, हा तुमचा."

मामा पटाशीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "माझा कशाला? तुझं घर आहे. घरी ने."

तिने मला उचलून घेतलं.

देणं फिटलं.