माझ्या पाठीवरचे हळदीकुंकू

माझ्या पाठीवर एका ओळीत तीन गोल भोके आहेत. पिवळे, पांढरे आणि लाल. तिन्ही एकाच मापाची, करंगळीचे टोक जेमतेम टेकेल एवढी. मधल्या पांढऱ्या भोकाच्या तळाशी एक पापुद्रा होता. मोहरीच्या दाण्याइतका जाड, कडेला तांबूस, मध्ये पिवळट. सहज पाहणाऱ्याला तो दिसलाही नसता. पण मित्रांनो, आज संध्याकाळी या घरात जी धांदल उडाली, तिचे मूळ त्या पापुद्र्यात होते. अजून माझे अंग गरम आहे, म्हणून लगेच सांगून टाकतो.

मी सेट-टॉप बॉक्स, तोही जुना. घरात मला सगळे डबाच म्हणतात. एका मोठ्या कारखान्यात लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. हिरव्या पट्टीवर इवलेसे सुटे भाग बसवले, वितळलेल्या धातूचे थेंब टाकून ते पक्के केले आणि मला वीज दिली. माझा दिवा लागला तो क्षण मला अजून आठवतो. माझे काम तसे सरळ आहे. गच्चीवरच्या छत्रीने आकाशातून झेललेली लहर घ्यायची, तिच्यातले चित्र आणि आवाज उलगडायचे आणि टीव्हीच्या हवाली करायचे.

चिकलठाण्यातल्या या घरी मी आलो, तेव्हा गल्लीतली माणसे मला पाहायला जमली होती. घर सुदर्शन यांचे. ते चितेगावला कंपनीत जातात. त्यांच्या आई आवडाबाई यांनी त्या दिवशी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. "चित्र बघा की, आरशावानी!" असे त्या येईल त्याला सांगत होत्या. मला फार फुशारल्यासारखे झाले होते.

आवडाबाई पैठणकडच्या. तरुणपणी मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेल्या. त्यांचे मालक मुंजाबा गावच्या कबड्डी संघात चढाई करायचे. ते आता नाहीत, पण कबड्डीचा सामना लागला की आवडाबाई जेवण बाजूला सारतात आणि पदर खोचून बसतात.

खंडेनवमीला या घरात हत्यारे आणि यंत्रे पुजतात. विळी, नट पिळायचे पाने, मोटारसायकल, शिलाई मशीन, सगळ्यांना मान. आवडाबाईंनी मलाही त्यांत बसवले. पुढून मी नुसता काळा. पाठीवर मात्र तीन रंग दिसले आणि त्यांनी ठरवून टाकले, की हाच डब्याचा चेहरा! पिवळी हळद, पांढऱ्या अक्षता, लाल कुंकू. मग दर खंडेनवमीला त्या मला उलटा फिरवत आणि ओल्या बोटाने बरोबर मधोमध हळदीकुंकू लावत. टीव्हीची तार माझ्या दुसऱ्याच चपट्या भोकात असते. त्या तीन गोल भोकांना काही कामच नव्हते, म्हणून कोणाला काही कळले नाही. मला तर तो लाड आवडायचा.

पुढे घरात प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. माझ्यावर धूळ बसू लागली. मला रोज चालू करणाऱ्या एकट्या आवडाबाई उरल्या. त्यांच्यामुळे मी जागा राहिलो आणि माझ्यामुळे त्यांची दुपार सरत राहिली. फक्त आवाज मात्र वर्षावर्षाला वाढत गेला. रिमोटवरचे आवाज वाढवायचे बटण पार गुळगुळीत झाले.

"आत्याबाई, एकदा कान दाखवून येऊ," सूनबाई दीपमाला म्हणायच्या.

"माझे कान ठणठणीत हायेत. टीव्हीच तोंडातल्या तोंडात बोलतो."

कधी दिवाळी होऊ दे, कधी थंडी जाऊ दे, असे करत ते राहूनच जायचे. खरे कारण एकदा त्यांनी माझ्यासमोर पुटपुटले होते. "कानात यंत्र दिसलं, की झालं. गावात मला ठार बहिरी म्हणूनच हाक मारतील."

यंदा नात मोनिका बारावीला आहे. घर दोन खोल्यांचे. इकडे पंच शिट्टी फुंकतो आणि तिकडे तिचे भौतिकशास्त्र थांबते. आज सकाळी सुदर्शन चहा पिता पिता म्हणाले, "आई, परीक्षा होईस्तोवर डबा माळ्यावर टाकतो."

आवडाबाईंनी रिमोट पालथा घातला. माळ्यावर काय जाते ते मला ठाऊक आहे. तिथे गेलेला पंखा पुन्हा कधी खाली आला नाही.

"पप्पा, आजच्या दिवस थांबा," मोनिका म्हणाली. "आज आजीच्या कबड्डीची फायनल आहे. मी करते काहीतरी."

संध्याकाळी क्लासवरून येताना ती शहरातल्या पैठण गेटच्या बाजारातून एक बिनतारी हेडफोन घेऊन आली. सोबत काडेपेटीएवढा ट्रान्समीटर होता. मी जुना, माझ्यात ब्लूटूथ नाही. पण माझ्या गोल भोकांतून आवाज घेऊन तो ट्रान्समीटर हवेतून हेडफोनकडे पाठवणार होता. इतकी वर्षे रिकामी बसलेली माझी भोके आज कामाला लागणार! माझ्या आत झिणझिण्या आल्या.

मोनिकाने माझी वीज बंद केली, मला अलगद फिरवले, लाल पिन लाल भोकात आणि पांढरी पांढऱ्यात बसवली. पांढरी जराशी अडली. तिने थोडा जोर दिला. मग मला चालू केले आणि टीव्हीचा आवाज पूर्ण मिटवला. ट्रान्समीटरचा निळा दिवा भराभर लुकलुकू लागला, हेडफोनचाही. दोघे एकमेकांना शोधत होते. आणि एकदम दोन्ही दिवे स्थिर झाले.

"जुळलं!" मोनिका ओरडली. तिने हेडफोन आजीच्या डोक्यावर चढवला. मैदानावर खेळाडू उतरत होते. "आजी, येतोय का?"

"काय?"

"आवाज!"

"नाय. कानाला लावलं काय न् गळ्यात घातलं काय, सारखंच."

मोनिकाने हेडफोन स्वतः लावून पाहिला. "येतोय की गं! चांगला येतोय."

"तुला येत आसंल. मला नाय येत."

"डबाच म्हातारा झालाय," सुदर्शन उठले. "आण इकडं, माळ्यावरच टाकतो." त्यांचा हात माझ्या तारेवर आला.

"पप्पा, थांबा!" मोनिका डोळे बारीक करून ऐकत होती. "मला एकाच बाजूनं येतोय. उजव्या. डावी बाजू गप्प आहे."

तेवढ्यात सामना सुरू झाला. आवडाबाईंना धीर कुठला? त्यांनी नातीच्या डोक्यावरून हेडफोन ओढला आणि घाईत उलटा घातला. उजवी बाजू डाव्या कानावर आली.

मित्रांनो, मी आजवर लाखो चित्रे दाखवली, पण असा चेहरा पाहिला नव्हता. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या. मग हात वर गेला, सगळ्यांनी गप्प राहावे म्हणून. घर तर गप्पच होते.

"दम ऐकू येतोय," त्या म्हणाल्या. "त्याचा दम! कबड्डी-कबड्डी म्हणतोय बघ पोरगा! ह्यांचा आसाच यायचा. पार बांधापर्यंत!"

त्यांनी मांडीवर शड्डू ठोकला. दीपमाला पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "आत्याबाई, वरडू नका, पोरीचा अभ्यास..."

"मी कुठं वरडते?" आवडाबाई वरडल्या. टीव्ही मुका आणि आजी मैदानात! सुदर्शनना हसू आवरेना.

मोनिका मात्र हसत नव्हती. तिने हेडफोन सरळ केला. आजीचा चेहरा विझला. पुन्हा उलटा केला. चेहरा उजळला. तिने बाबांकडे पाहिले, बाबांनी आईच्या उजव्या कानाकडे.

मग तिने माझी वीज बंद केली, पांढरी पिन उपसली आणि मोबाईलचा उजेड पाडला. पिनेच्या टोकाला तांबडी-पिवळी भुकटी होती.

"आजी, डब्याला कुंकू तू लावलंस?"

"मग? खंडेनवमीला पुजायचं नाय व्हय? लवकर कर बाई, त्याची चढाई ऱ्हायलीय!"

सगळे पोट धरधरून हसले. मोनिकाने काडीला कापूस गुंडाळून हलक्या हाताने पापुद्रा काढला. मला गुदगुल्या झाल्या. पिन या वेळी आत पूर्ण बसली आणि मी पुन्हा सुरू झालो. मोनिकाने हेडफोन आधी स्वतः लावला. दोन्ही बाजू बोलत होत्या. मग तो तिने आजीच्या डोक्यावर सरळ घातला.

"येतोय?"

"येतोय."

"दोन्हीकडून?"

आवडाबाई पडद्याकडेच पाहत होत्या. मित्रांनो, तेवढ्या वेळात मला एकच वाटले, तेच तुम्हाला सांगतो. माझ्या पाठीवर पापुद्रा साचला तेव्हा मी मुका झालो नव्हतो. मला फक्त कोणीतरी फिरवून, उजेड पाडून पाहायला हवे होते. तुमच्या घरात एखाद्या वस्तूचा, एखाद्या माणसाचा आवाज फार वाढला, तर त्याला माळ्यावर टाकण्याआधी तेवढे करा.

पडद्यावरचा खेळाडू दम धरून मधल्या रेषेला शिवला. आवडाबाईंनी उजव्या कानावर हात ठेवला. हेडफोन चढवलेलाच होता, त्यामुळे आपण केवढ्यांदा बोलतो आहोत हे त्यांना कळले नाही. पण खिडकी उघडी होती आणि सगळ्या गल्लीने ऐकले.

"नाय! ह्या कानानं लई वर्सं झाली, काहीच येत नाय! दीपमाला, सोमवारी कानाच्या डॉक्टरकडं जायचं. देतील ते यंत्र लावते मी!"