उत्तर न आल्यास

मी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट बोलतोय. सॉफ्टवेअर बनवायच्या आधी काय बनवायचं ते ज्यात लिहितात, तो कागद. कागद म्हणायचं आपलं, राहतो कॉम्प्युटरमध्येच. घाईत बोलतोय, सांभाळून घ्या.

आमच्या मॅनेजरला ऑफिसात सगळे दादा म्हणतात. दादाची आई एकटी राहते. तिच्यासारख्यांसाठी त्याने ॲप योजलं. सकाळी उठलं की 'मी बरी आहे' हे बटण दाबायचं, की मुलाला निरोप. सुरुवात त्याने मन लावून लिहिली. पण मीटिंग तोंडावर आली, म्हणून मागचा भाग कपडे विकणाऱ्या एका जुन्या ॲपच्या डॉक्युमेंटमधून उचलून मला चिकटवला. त्यात एक ओळ आली : 'उत्तर न आल्यास विषय बंद समजावा. पुन्हा त्रास देऊ नये.'

कपड्यांच्या जाहिरातीला ती शोभत होती. माझ्या पोटात ती शिरली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मला सगळ्यांकडे वाचायला पाठवलं. लोक कसे वाचतात ते मला विचारा. शीर्षक बघतात, चित्रं बघतात, भर्रकन खाली येतात आणि अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होतात. कोड लिहिणारीने तेवढं विचारलं, "दादा, बटण दाबलंच नाही तर?"

"सगळं लिहिलंय त्यात. तसंच कर."

तिने ती ओळ वाचली. जरा थबकली. माझ्या आशा पल्लवित झाल्या. पण लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल, असं म्हणून तिने तसंच केलं.

काल ॲप सुरू झालं. पहिला निरोप दादाच्या आईचाच आला. त्याने तो सगळ्यांना दाखवला.

आज सकाळ सरली, चहाही झाला. आईने बटण दाबलेलं नाही. ॲपने एकदा विचारलं, उत्तर आलं नाही, आणि मी सांगितलंय म्हणून ते गप्प बसलंय. दादाचा फोन टेबलावर पालथा पडलाय.

"आईंचा निरोप आला का आज?" कोड लिहिणारी विचारते.

"बघितलं नाही गं. काही झालं असतं तर ॲपने कळवलं असतं ना," दादा म्हणतो आणि पुढच्या मीटिंगला उठतो.

आई बागेत गेली असेल, फोन चार्जिंगला असेल, मी मनाला समजावतोय. ते ऐकत नाही.

कुणीतरी मला शेवटपर्यंत वाचावं, एवढीच माझी जन्मापासूनची इच्छा. आता तीही राहू दे. दादा, मला नंतर वाच रे. आधी आईला फोन लाव.