घरट्यावरची पानं

ताटातलं वरण निवून गेलं होतं, तरी गुणवंतरावांचा डावा हात फोनवरून हलत नव्हता.

"जेवून घ्या ना जी," त्यांची बायको चंदा म्हणाली. "भात टाकू का अजून?"

"एकशे ऐंशी झाले," ते म्हणाले.

"का झाले?"

"लाइक. सकाळी टाकलेल्या फोटोले."

चंदाने भाताचं भांडं झाकून आत नेलं. वाचकहो, असं जेवण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात रोज होतं. माणूस ताटावर बसलेला असतो आणि मन दुसऱ्यांच्या अंगठ्यांकडे लागलेलं असतं. आपण म्हणतो, यात कोणाचं काय बिघडतं? कोणाचं बिघडतं, तेच मी सांगणार आहे.

गुणवंतराव नागभीडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा घेतला आणि जवळच्या एका खेड्याच्या तळ्यावर जाऊ लागले. त्या खेड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हिवाळ्यात तळ्यावर बदकांचे थवे उतरत. पळस फुलला की त्यावर मैना भांडत. पावसाळ्यात कमळाच्या पानांवरून कमळपक्ष्याची पिल्लं लांबलांब बोटं टाकत पळत. सुरुवातीला गुणवंतराव तीन-तीन तास तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसत आणि फोटो मिळाला नाही तरी खुशीत घरी येत. पण मग चंद्रपूरच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपमध्ये त्यांचं नाव गेलं. तिथे रोज कोणी ना कोणी आदल्या दिवसापेक्षा सरस फोटो टाकी. हळूहळू गुणवंतराव पाखराकडे कमी आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे जास्त पाहू लागले.

त्या तळ्यात रंभाबाई मासे धरायची. साठीची विधवा बाई. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभी राहून जाळं ओढायची आणि कोणतं पाखरू कधी येतं, कुठे बसतं, हे तिला तोंडपाठ होतं. पाच वर्षं हा मास्तर गुपचूप येतो आणि गुपचूप जातो, हे तिने पाहिलं होतं. म्हणून त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला ती स्वतःहून म्हणाली, "गुर्जी, चाला. एक गंमत दाखवतो तुमाले."

तळ्यामागच्या नाल्यात, बांबूच्या बेटाशेजारी एका वाकड्या फांदीच्या बेचक्यात कपाएवढं घरटं होतं. त्यावर दूधराज, म्हणजे पुस्तकातला स्वर्गीय नर्तक, बसला होता. पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि शेपटीची दोन लांब पिसं घरट्याखाली फितीसारखी लोंबत होती. गुणवंतराव एक पाऊल पुढे सरकले.

"दुरूनच पाहा बरं जी," रंभाबाई म्हणाली. "हात नका लावू. आन कोनाले सांगू नका."

"नाई सांगत, बाई."

त्यांनी मनापासून सांगितलं होतं. पण अंड्यांतून पिल्लं बाहेर आल्यावर फोटो काढायला बसले, तर दर फोटोत एक पान पाखराच्या तोंडावर येई. चौथ्या दिवशी ते उठले, नाल्यात उतरले आणि ती एक डहाळी मोडली. एकच. मादी फांदीफांदीवर ओरडत फिरली, मग परत आली. फोटो सुरेख आला. तोच त्यांनी ग्रुपवर टाकला होता आणि त्याच्याच लाइक ते जेवताना मोजत होते.

दुसऱ्या दिवशी विक्कीचा फोन आला. विक्की म्हणजे ग्रुपचा म्होरक्या. चंद्रपुरात त्याचं मोटारीच्या सामानाचं दुकान आणि हातभर लांब लेन्स.

"सर, एकच नंबर! आपल्या जिल्ह्यात असा फोटो कोनी काढला नाई. लोकेशन टाका ना फक्त."

"अरे, मी त्या बाईले शब्द दिला..."

"आमी काय शिकारी आहो का, सर? आपन सगळे निसर्गप्रेमी!"

विक्कीसारख्या माणसाने 'सर' म्हणावं, याने गुणवंतराव विरघळले. त्यांनी लोकेशन पाठवलं. विक्कीलाच. विक्कीने ते सगळ्यांना पाठवलं.

रविवारी सकाळी नाल्याकाठी तीन गाड्या लागल्या. अकरा माणसं उतरली. एकाने फोनवर दूधराजाचा आवाज लावला. दुसरा नर आला समजून बिचारा बाप चवताळून फांद्यांवर आपटत राहिला. घरट्यावर पानांची दाट सावली होती, ती विक्कीने विळ्याने छाटून टाकली.

"विक्कीभाऊ, जास्त होऊन राह्यलं," गुणवंतराव म्हणाले.

"दोनच मिनिटं, सर. लाइट पाहा ना!"

आणि खरंच, असा प्रकाश त्यांनी कधी पाहिला नव्हता. नर चोचीत चतुर घेऊन उतरला, तीन चोची एकदम उघडल्या, पांढऱ्या फिती उन्हात झळकल्या. गुणवंतरावांनी बोट दाबलं. त्या दिवशीचा सगळ्यात सुंदर फोटो त्यांनीच काढला आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकला.

सोमवारी चामोर्शीला चंदाच्या मावसभावाचं लग्न होतं. ते बुधवारी परत नाल्यावर गेले. ऊन असं होतं की पाळीवरचा दगड हाताला भाजत होता. घरट्यासमोर रंभाबाई बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

घरट्यात तीन पिल्लं होती. माना काठावरून खाली लोंबलेल्या. मुंग्या लागल्या होत्या.

"दोन दिवस ते मादी पंख फाकवून उभी होती त्याईवर," रंभाबाई म्हणाली. "तोंड उघडं टाकून, धापा टाकत. खायाले आनाले गेली की पोरं उन्हात. आली की उपाशी. नर त रविवारपासून दिसलाच नाई. मादी पन काल दुपारी गेली ते आलीच नाई."

"बाई, मी नुसते फोटो..."

"नुसते?" ती आता उठून उभी राहिली. "मी पन जीव मारतो, गुर्जी. रोज मासोळ्या मारतो. पन त्या खातो आमी, इकतो, पोट चालते. तुमी का खाल्लं जी?"

त्यांनी गळ्यातला कॅमेरा पाठीमागे सरकवला.

"पानं काऊन तोडली? ते पानं उगाच होती का? घराचं छप्पर होतं ते त्याईचं! या उन्हात तुमच्या घरावरचं छप्पर कोनी काढून नेलं, आन खाली तुमचे लेकरं तडफडत असतानी म्हनलं, वा, का उजेड पडला! तर तुमाले कसं वाटंल?"

"चुकलं, बाई."

"मले काहाले सांगता? मीच दाखवलं तुमाले. माहीच चूक."

अरेरे! हे वाक्य गुणवंतरावांना सगळ्यात जास्त लागलं. जिने काहीच तोडलं नव्हतं, ती दोष स्वतःवर घेत होती. आणि ज्याने पहिली डहाळी मोडली होती, तो नुसतं 'चुकलं' म्हणून मोकळा झाला होता.

घरी येऊन त्यांनी ग्रुपवरचे दोन्ही फोटो पुसून टाकले आणि ग्रुपवर खरं काय घडलं ते लिहिलं. तीन पिल्लं आपण मारली, असं स्पष्ट लिहिलं. थोड्या वेळाने हात जोडलेली चित्रं आली, दोन रडके चेहरे आले. मग विक्कीने लिहिलं, 'सर, निसर्गात हे चालतंच. मनाला लावून घेऊ नका.' त्याखाली कोणीतरी घुबडाचा फोटो टाकला आणि बोलणं घुबडाकडे वळलं.

पण त्यांचा रविवारचा फोटो विक्कीने आधीच चंद्रपूरच्या एका प्रदर्शनाला पाठवून दिला होता. दिवाळीच्या सुमारास त्याला पहिलं बक्षीस मिळाल्याचं पत्र आलं. गुणवंतराव समारंभाला गेले. बक्षीस घ्यायला नव्हे. नाव पुकारल्यावर ते मंचावर चढले आणि हातात माइक घेतला.

"या फोटोतली तिन्ही पिल्लं फोटो काढल्यावर तीन दिवसांच्या आत मेली. उजेड हवा म्हणून आम्ही त्यांची सावली तोडली. पहिलं पान मी तोडलं. मला हे बक्षीस नको. आणि तुम्हीही घरट्याचा फोटो कधी काढू नका, जागा कधी सांगू नका. एवढंच मागायला आलो."

सभागृह गप्प झालं. गुणवंतरावांना वाटलं, पोहोचलं! मग एकाने टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पाहुणे त्यांच्या संवेदनशीलतेवर दहा मिनिटं बोलले. फोटो तिथेच, पहिल्या बक्षिसाच्या चिठ्ठीसह, भिंतीवर राहिला. खाली उतरताना एक सभ्य बाई जवळ आली. तिच्या गळ्यात नवा कोरा कॅमेरा होता.

"सर, डोळ्यांत पाणी आलं हो! आम्ही मुळीच त्रास देणार नाही. ती जागा नेमकी कुठे आहे?"

गुणवंतराव तिला वळसा घालून बसस्थानकाकडे चालू लागले.

पुढच्या जूनमध्ये कॅमेरा कपाटातच राहिला. शाळेला सुट्टी होती, म्हणून ते रोज सकाळी नाल्याच्या वाटेवर उभे राहत. विक्की आता येत नव्हता, पण ते लोकेशन हातोहात नागपूर, वर्धा, कुठे कुठे पोहोचलं होतं. अनोळखी गाड्या येत. गुणवंतराव समजावत, हात जोडत. काही जण परत जात. बाकीचे म्हणत, "बाबाजी, जंगल काय तुमचं आहे का?" आणि बांधाच्या दुसऱ्या बाजूने उतरत. एक माणूस किती वाटा अडवणार? नाल्यातल्या बांबूखाली पायवाट पडली, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडल्या. त्या वाकड्या फांदीवर कोणी आलं नाही.

एक दिवस रंभाबाई जाळं खांद्यावर टाकून पाण्यातून वर आली. वर्षभरात ती त्यांच्याशी फारसं बोलली नव्हती.

"बाई," त्यांनी विचारलं, "यंदा दूधराज आला का जी कुठी?"

तिने त्यांच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"नाई आला," ती म्हणाली, आणि जाळं झटकू लागली.

ती खरं बोलत असेल, तर त्या नाल्यातून दूधराज गेला. खोटं बोलत असेल, तर गुणवंतरावांवरचा तिचा विश्वास गेला. पण त्या भल्या माणसाने पाळीवर उभं राहून मनोमन एकच मागितलं: ही बाई खोटं बोलत असू दे! आणि ते पुन्हा काही न विचारता घरी निघाले.

वाचकहो, गुणवंतराव बदलले, पण त्यांच्या बदलण्याने तीन पिल्लं उठली नाहीत, गाड्या थांबल्या नाहीत. पश्चात्ताप नेहमी उशिराच येतो, म्हणून डहाळीला हात घालण्याआधीच थांबायला शिका. ज्या पाखरावर तुमचं खरंच प्रेम आहे, त्याचं घरटं दिसलं तर मागे फिरा, आणि कोणालाही, अगदी आपल्या माणसालाही, ते दाखवू नका.