तोरिनोतल्या कान्नोलीवर माझा विश्वास नव्हता

मित्रांनो, मी बोरूची एक जुनी नळी आहे. लांबी वीतभर, रंग काळा आणि स्वभाव संशयी. स्वभावाचा दोष माझ्या एकटीचा नाही. मी ज्या घरात वाढले, तिथे कुणी हसून नमस्कार केला तरी 'याला काय हवं असेल?' हाच विचार आधी व्हायचा.

माझा जन्म सिसिलीतला, नदीकाठच्या बोरूच्या बेटातला. नुन्झियो नावाच्या मेंढपाळाने मला आणि माझ्या अकरा बहिणींना कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि आपल्या होणाऱ्या बायकोला, आग्रिपीनाला, लग्नाची भेट म्हणून दिलं. इतर मुली सोन्याचे डूल मागत. हिने नळ्या मागितल्या, कारण हिला कान्नोली करायची होती. वाइन घालून मळलेल्या पिठाची पातळ चकती आमच्याभोवती गुंडाळायची, कडेला अंड्यातलं पांढरं लावून चिकटवायची आणि चरबीत तळायची. मग आम्हाला हळूच ओढून काढायचं. मागे उरतं ते खुसखुशीत, पोकळ कवच. त्यात मेंढीच्या दुधाचा रिकोटा, म्हणजे साखर घालून घोटलेलं ताजं मऊ पनीर भरायचं. पण कधी? खाणारा खुर्चीत बसल्यावर! आधी भरलं तर कवच भिजतं आणि सगळ्या मेहनतीची माती होते.

चाळीस वर्षं मी तळणीत उड्या मारल्या. आग्रिपीनाची कान्नोली चावली की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा भुंकतो, असं गावात म्हणत. माझा रंग गेला, पण मान वाढला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

मग नुन्झियो वारला. मुलगा वितो दूर उत्तरेला, तोरिनो शहरात मोटारीच्या कारखान्यात होता. तो आईला घेऊन गेला आणि आईने आम्हाला नेलं. त्या शहराचा आमच्यावर विश्वास नव्हता. आमच्यासारख्या दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही, अशा पाट्याच दारांवर असत. आमचाही त्या शहरावर नव्हता, फिटंफाट झाली!

वितोची बायको पिएरा तिथलीच. आमचा डबा उघडून ती म्हणाली, "आई, या काळ्या काड्या कशाला आणल्या? शेगडी पेटवायला?"

ऐकलंत? त्या दिवसापासून मी त्या बाईवर नजर ठेवून होते. ती महिन्यातून एकदा आम्हाला कपाटावरून काढून पुसायची. मला वाटायचं, ही आम्ही किती वाळलोय ते बघतेय.

पाच वर्षं डब्यात गेली. आग्रिपीनाची बोटं संधिवाताने वाकडी झाली आणि पीठ लाटणं संपलं. शेवटी जुलैतल्या एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "या शहरात ज्याची कान्नोली खरी निघेल, त्याला माझ्या नळ्या देईन. असा कुणी नाही मिळाला तर माझ्या हाताने आगीत घालीन. पण भलत्या हातात जाऊ देणार नाही!"

माझा जीव टांगणीला लागला. बारा बहिणींचं मरण-जगणं आता तोरिनोच्या हलवायांवर! दर रविवारी मला रुमालात गुंडाळून ती पर्समध्ये टाकायची आणि पिएराला सोबत घेऊन निघायची.

पहिल्या दुकानात काचेमागे भरलेल्या कान्नोलींची रांगच होती. "कधी भरल्या?" आग्रिपीनाने विचारलं.

"आज सकाळीच, बाई. एकदम ताज्या."

"सकाळी भरल्या आणि ताज्या? मग मीही विशीतलीच म्हणायची!" ती एक घास खाऊन थुंकली. "कवच कुठंय? हा तर ओला बोळा आहे."

पिएरा शरमेने लाल झाली. दुसऱ्या दुकानात रिकोट्याऐवजी पिवळं कस्टर्ड निघालं, तिसऱ्यात गाईचा पाणचट रिकोटा. आग्रिपीना सगळीकडे थुंकली. पुढेपुढे तर पिएराच दारातून विचारायची, "आधी भरलेल्या आहेत का? मग राहू द्या."

सप्टेंबरात बाजाराजवळ गाएतानो नावाच्या सिसिलियन हलवायाचं छोटं दुकान सापडलं. काचेमागे कान्नोली नव्हतीच.

"संपली?" आग्रिपीनाने विचारलं.

"केलीच नाही."

"बघितलंस?" ती पिएराच्या कानात म्हणाली, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. "आत लपवली असेल ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी." माझाही संशय तोच होता.

गाएतानोने हात पुसले. "मावशी, तुमचं माणूस काय करायचं गावाकडे?"

"तुला कशाला चौकशा? मेंढपाळ होता."

"मग तुम्हीच सांगा. सप्टेंबरात मेंढी दूध देते?"

आग्रिपीना मटकन खुर्चीत बसली. उन्हाळ्यात मेंढ्या आटतात, गवत उगवून पिल्लं झाल्याशिवाय दूध नाही आणि दूध नाही तर कान्नोली नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि मेंढपाळाची बायको तीन महिने नेमक्या त्याच दिवसांत कान्नोली शोधत, दुनियेला चोर ठरवत हिंडत होती!

"अगं बाई! मी विसरले गं पिएरा," ती म्हणाली. "इथे डब्यातला रिकोटा बारा महिने मिळतो, म्हणून मी मेंढ्याच विसरले. नुन्झियोला काय तोंड दाखवू?" मला तिची फार दया आली.

तिने मला बाहेर काढून त्याच्यापुढे धरलं. "घे. सगळ्या तुझ्याच."

"चाखल्याशिवाय? डिसेंबरात या."

नको म्हणतोय म्हणजे काहीतरी डाव आहे, असं मला तीन महिने वाटत राहिलं.

डिसेंबरात आम्ही पूर्ण डबा घेऊन गेलो. गाएतानोने तिच्या डोळ्यांदेखत कवच भरलं. तिने चावलं आणि कडाडकन आवाज झाला. आग्रिपीना तिथेच रडायला लागली. "हीच गं, हीच!"

डबा तिने पुढे सरकवला. गाएतानोने तो परत सरकवला. "मावशी, माझ्याकडे माझ्या आईच्या नळ्या आहेत. या मी घेतल्या तर नुसत्या शोभेला राहतील. ज्याच्याकडे नळ्या नाहीत असा हात यांना बघा."

"कुठून आणू? की घालू आगीत?"

"मला द्या, आई," पिएरा म्हणाली.

"तुला? मक्याच्या लापशीपलीकडे तुला येतं काय?"

"काहीच नाही. पण तीन महिने तुमच्यामागे हिंडून वाईट कान्नोली कशी असते, तेवढं मला चांगलं कळलंय."

दुसऱ्या दिवशी पिएराने पहिली चकती माझ्याभोवतीच गुंडाळली. अंड्यातलं पांढरं कडेला लावायचं सोडून माझ्या अंगभर फासलं. कवच मला घट्ट चिकटलं, एका बाजूने करपलं आणि काढताना त्याचे तुकडे झाले. आता ही वैतागून मला शेगडीत फेकणार, अशी माझी खात्री झाली.

ते तुकडे आग्रिपीनाने उचलले. अख्ख्या शहराची कान्नोली थुंकणाऱ्या त्या बाईने ते करपलेले तुकडे एकेक करून सगळे खाल्ले. कणही ठेवला नाही.

"कशी झालीय?" पिएराने घाबरत विचारलं.

"भिकार," आग्रिपीना बोटं चाटत म्हणाली. "उद्या परत कर. मी आहे तोवर रोज कर."

मित्रांनो, मी त्या सुनेवर उगाच संशय घेतला, हे आता कबूल करते. तुमच्याही घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला नुसतं पुसून कपाटावर ठेवू नका, ती एखाद्या नवख्या हातात द्या. आणि वेळेवर द्या, 'भिकार' म्हणणारं माणूस अजून घरात आहे तोवर.